पितळी बिल्ला, भाडेपावत्या आणि पणजोबांचा माग

वाचकाचं पत्र, थोडक्यात: «माझे पणजोबा संगमेश्वर तालुक्यातून मुंबईला आले आणि गिरणीत लागले. आजोबा लालबागला साचा खात्यात, म्हणजे विणकामात होते, आजी फाळका खात्यात. वडील आधी बदली म्हणून लागले, मग कायम झाले आणि 1982 च्या संपानंतर पुन्हा आत गेले नाहीत. आता त्यांच्यापैकी कुणीच नाही. गावी वडिलांची थोरली बहीण आहे, 84 वर्षांची. घरात एक ट्रंक आहे. तिच्यात नंबर असलेला पितळी बिल्ला, नायगावच्या बीडीडी चाळीच्या भाडेपावत्या, मनिऑर्डरच्या दोन-तीन पावत्या, प्रॉव्हिडंट फंडाची एक चिठ्ठी आणि स्टुडिओत काढलेला एक फोटो आहे. आमच्याकडे सनद नाही, वतन नाही, छापील कुलवृत्तान्तही नाही. अशा घराचा माग निघतो का? शिवाय लिहायला बसले की नावं आणि सालं एवढंच उतरतं, माणसं उभी राहत नाहीत. काय करू?»

ताई,

माग निघतो, आणि तुमच्या ट्रंकेत आहे तेवढं सामान पुष्कळ घरांत नसतं. कागद कुठे आणि कसे शोधायचे एवढं मात्र बदलावं लागेल. सरदार-इनामदारांचे कागद त्यांच्याच वाड्यात सापडतात. कामगाराच्या घराचे कागद दुसऱ्यांच्या दप्तरात असतात. ज्याने त्याचे तास मोजले, ज्याने खोलीचं भाडं घेतलं, ज्याने पगारातून फंड कापला, ज्याने गावच्या जमिनीचा सारा किंवा खंड वसूल केला, त्या प्रत्येकाने काहीतरी लिहून ठेवलेलं असतं. म्हणून कुठलंही दप्तर उघडताना आडनावाने शोधू नका. नंबर आणि गाव यांनी शोधा. संगमेश्वर तालुक्यात तुमच्या आडनावाची शेकडो घरं असतील. वाडी, वडिलांचं नाव आणि बिल्ल्याचा नंबर जुळणारा माणूस एकच असतो.

आधी ट्रंक. बिल्ला चिंचेने किंवा पावडरने घासू नका. पितळेवर ठोकलेले आकडे आधीच झिजलेले असतात, घासलं की उरलेला उठावही जातो. पातळ कागद बिल्ल्यावर घट्ट धरा आणि मऊ पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने फिरवा. डोळ्यांना न दिसणारी अक्षरं बऱ्याचदा कागदावर उमटतात. मग खोली अंधारी करून टॉर्च अगदी कडेने, तिरकी धरा आणि फोटो काढा. दोन्ही बाजू तपासा, भोकाच्या कडेलाही. भाडेपावत्या लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. टेप काही वर्षांत पिवळी पडते आणि शाई घेऊन सुटते. प्रत्येक कागदाचा पुढून आणि मागून फोटो घ्या, मग तो साध्या पांढऱ्या कागदाच्या घडीत ठेवा. मनिऑर्डरच्या पावतीवर रकमेइतकाच टपालाचा शिक्का महत्त्वाचा. कुठल्या पोस्टातून पैसे गेले यावरून तेव्हा राहण्याची जागा कळते आणि कुणाच्या नावाने गेले यावरून गावातलं घर कोण चालवत होतं ते कळतं. स्टुडिओच्या फोटोमागे पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव आणि वस्ती बहुधा छापलेली असते.

हे झालं की आत्यांकडे जा. कचेऱ्यांच्या आधी. कागद पुढच्या वर्षीही तिथेच असतील, 84 वर्षांच्या आठवणीला मात्र थांबायला सांगता येत नाही. एका बैठकीत पाऊण तासाहून जास्त बोलवू नका, त्यापेक्षा तीनदा जा. फोन विमान मोडवर टाका, घडी घातलेल्या टॉवेलवर आत्यांपासून हातभर अंतरावर ठेवा आणि पंखा बंद करा, नाहीतर रेकॉर्डिंगभर घरघर ऐकू येते. सुरुवातीला तारीख, गाव आणि कोण बोलतंय हे तुम्हीच बोला. घरी परतल्यावर त्याच दिवशी फाईलच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

«कोणत्या साली?» हा प्रश्न टाळा. त्याला «लय वर्षं झाली» हेच उत्तर मिळतं. साल विचारण्याऐवजी आठवणीला खुंटी द्या. मुंबईच्या गोदीतला स्फोट 14 एप्रिल 1944 चा, ‘रामदास’ बोट बुडाली 17 जुलै 1947 ला, फ्लोरा फाउंटनचा गोळीबार 21 नोव्हेंबर 1955 चा, कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा, मोठा दुष्काळ 1972 चा, दत्ता सामंतांचा संप 18 जानेवारी 1982 पासून. «भूकंप झाला तेव्हा बाबा गावी होता की मुंबईत? तुमचं लग्न झालं होतं का?» असं विचारलं की साल आपोआप घट्ट होत जातं. पणजोबांबद्दल विचारताना «बोटीने गेले की एसटीने?» हे जरूर विचारा. एसटी 1948 साली सुरू झाली आणि कोकणातल्या गावांपर्यंत पोचायला तिला आणखी काळ लागला. त्यामुळे बोटीची आठवण निघाली तर ती बरीच जुनी धरायची. मग कुठल्या बंदरापर्यंत चालत गेले, बरोबर कोण होतं, मुंबईत धक्क्यावर न्यायला कोण आलं, हे विचारा. ज्याने न्यायला येऊन खोलीवर नेलं, बहुधा त्यानेच जॉबरशी, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाशी गाठ घालून कामाला लावलेलं असतं. तो माणूस त्याच वाडीतला निघतो आणि त्याच्या घरातही एखादी ट्रंक असते.

कामाबद्दल विचारताना खात्याला धरून विचारा. साचा खात्यातल्या माणसाला आयुष्यभर मागांचा खडखडाट ऐकावा लागे, एकमेकांशी बोलणं खुणांनी किंवा ओठ वाचून चाले. म्हणून आत्यांना विचारा, आजोबा घरीही मोठ्याने बोलायचे का? हाक ऐकू यायची का? सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती जड व्हायची का? सुताच्या धुळीने होणाऱ्या दम्याची ती ओळखीची खूण आहे, कापूस पिंजणाऱ्या ब्लोरूम आणि कार्डिंगवाल्यांत जास्त. कपड्यांना वास कसला यायचा, डब्यात काय असायचं, पगार कुणाच्या हातात पडायचा हेही विचारा. पगाराचा दिवस सोडू नका. जुन्या काळी महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्यावर मिळे. पगार वेळेवर देण्याचा कायदा झाला तो 1936 मध्ये. मधले पंधरा दिवस वाण्याच्या उधारीवर किंवा सावकाराच्या व्याजावर निघत. वाण्याचं नाव आणि त्याच्या दुकानाची जागा आत्यांना अजून आठवत असेल.

आता गिरणीची बाजू. पहिली अडचण गिरणीच्या नावाची. मालक बदलले तसं नाव बदललं, माणसांच्या तोंडी मात्र जुनंच राहिलं. सासून कुटुंबाची जेकब सासून मिल पुढे इंडिया युनायटेड नंबर 1 झाली. घरात एक जण जेकब म्हणतो, दुसरा युनायटेड म्हणतो आणि शोधणाऱ्याला वाटतं आजोबांनी दोन गिरण्यांत काम केलं. 1974 च्या कायद्याने बऱ्याच आजारी गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे, म्हणजे एनटीसीकडे गेल्या. 1983 मध्ये व्यवस्थापन ताब्यात घेतलेल्या आणखी काही गिरण्या 1995 च्या कायद्याने तिकडेच आल्या. तुमची गिरणी यांत असेल तर चौकशी एनटीसीकडे. खासगी असून दिवाळखोरीत निघाली असेल तर मुंबई उच्च न्यायालयाशी जोडलेल्या अधिकृत अवसायकाकडे, म्हणजे लिक्विडेटरकडे. कामगारांनी थकबाकीसाठी केलेले दावे तिथे असतात आणि दाव्यात नाव, तिकीट नंबर, खातं, नोकरीचा काळ असा सगळा तपशील असतो. हजेरीपटावर फार भिस्त ठेवू नका. गिरण्या बंद पडताना त्यातले पुष्कळ रद्दीत गेले.

प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी जपून वाचा. 1952 च्या कायद्यानंतरच्या खाते क्रमांकाचे दोन भाग पडतात, एक आस्थापनेचा संकेतांक आणि दुसरा सभासदाचा क्रमांक. पहिल्यावरून गिरणी ठरते, मग तोंडी नावांचा गोंधळ उरत नाही. फंडाच्या नामनिर्देशन पत्रात बायको-मुलांची नावं, नातं आणि वय लिहिलेलं असतं. कामगार विम्याचं, म्हणजे ईएसआयचं कार्ड सापडलं तर तेही तसंच कामाचं. ही योजना मुंबईत 1954 पासून लागू झाली, त्यामुळे कार्ड आजोबांचंही असू शकतं. यापेक्षा सोपा एक रस्ता आहे. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाकडे तुमच्या घरातून कुणी अर्ज केला होता का, हे काकांना आणि चुलतभावांना विचारा. 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर पटावर असलेल्या कामगारांना आणि त्यांच्या वारसांना तो अर्ज करता येत होता. त्याला तिकीट नंबर, गेटपास, ईएसआय, फंड, सेवा दाखला असे पुरावे जोडावे लागत. ज्याने अर्ज केला त्याच्याकडे त्या पुराव्यांची फाईल तयारच असते. अशी एक फाईल मिळाली तर कचेऱ्यांचे कित्येक हेलपाटे वाचतात.

सरकारी दप्तरातून काही हवं असेल तर आधी वारस म्हणून साधा नकलेचा अर्ज करा. तो अडला तर माहितीच्या अधिकारात करा. राज्य सरकारच्या कचेरीसाठी 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर, प्रतींना पानामागे 2 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. «माझ्या आजोबांची सर्व माहिती द्यावी» असं लिहिलंत तर नकार ठरलेला. गिरणीचं नाव, तिकीट नंबर, अंदाजे सालं आणि नेमका कोणता कागद हवा ते लिहा, नात्याचा पुरावा जोडा. खासगी माहिती म्हणून नाकारलं तर त्याच कायद्याच्या कलम 8(3) चा आधार घ्या. 20 वर्षांहून जुन्या घटनांच्या बाबतीत नकाराची बहुतेक कारणं त्या कलमाने गळून पडतात.

एक चूक वारंवार होते, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. बिल्ल्यावरचं किंवा पटावरचं नाव तुमच्याच माणसाचं असेल असं नाही. बदली कामगार दुसऱ्याच्या तिकिटावर काम करत. गावी गेलेल्या भावाच्या नावावर चुलतभाऊ लागे आणि पुढे तेच नाव पेन्शनपर्यंत चिकटे. तुमच्या कागदांत आजोबांच्या जागी त्यांच्या भावाचं नाव दिसलं तर कागद चुकीचा आहे असं समजू नका, आत्यांना विचारा. वयाचंही तसंच. पटावरची आणि शाळेतली वयं सोयीने कमी-जास्त केलेली असतात. शाळेच्या दाखल्यावर 1 जून ही जन्मतारीख दिसली तर ती गुरुजींनी शाळा सुरू होताना घातलेली आहे असंच धरून चाला. बालकामगारांच्या बाबतीत कायदाच वय वाढवायला लावी. 1922 पासून 12 वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात घ्यायला बंदी होती आणि 15 पर्यंत दिवसाला 6 तासांची मर्यादा होती. त्यामुळे दहा वर्षांचा मुलगा कागदावर बारा वर्षांचा होई.

भाडेपावत्यांकडे वळू. नायगावची बीडीडी चाळ, म्हणजे 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या 207 चाळींपैकी एक. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी अशा चार ठिकाणी त्या होत्या, खोली 160 चौरस फुटांची. सरकारी चाळ असल्याने खोली एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करताना कागद झाले असणार. मूळ भाडेकरू कोण, त्याच्याशी नातं काय, हे त्यात येतं. पुनर्विकासात पात्रता ठरवताना तेच कागद पुन्हा जोडले गेले, म्हणून खोली आता ज्या नातेवाइकाकडे असेल त्याच्याकडे विचारा. जुनं रेशनकार्ड असेल तर सोन्याहून पिवळं. मुंबईत रेशनिंग 1943 पासून सुरू झालं आणि कार्डावर त्या खोलीत खरोखर जेवणाऱ्या माणसांची मोजदाद होते. पुतण्या, मेहुणा, गावचा पाहुणा, सगळे.

मुंबईत झालेले जन्म-मृत्यू महापालिकेच्या विभाग कार्यालयात मिळतात. परळ, लालबाग, शिवडी एफ दक्षिण विभागात येतात. साल निदान दोन-तीन वर्षांच्या टप्प्यात बसवून जा. पण वडिलांच्या थोरल्या भावंडांचा जन्म मुंबईच्या नोंदीत सापडला नाही तर वर्षभर तिथेच हेलपाटे घालत बसू नका. पहिलं बाळंतपण माहेरी. जन्माची नोंद आजीच्या माहेरच्या गावात असेल, तुमच्या गावातही नसेल.

आजीचा माग हा या सगळ्यातला अवघड आणि आमच्या मते सर्वांत मोलाचा भाग. फाळका खातं म्हणजे सुताच्या लडी गुंडाळण्याचं काम. गिरणीतल्या बायका मुख्यतः तिथे आणि वाइंडिंगला असत, मजुरी बहुधा कामाच्या मापावर. कागदावर तिचं नाव सासरचं, नवऱ्याच्या नावाला जोडलेलं. लग्नाआधीचं तिचं नाव, माहेरचं आडनाव, माहेरचं गाव आणि तिच्या भावांची नावं ही चार उत्तरं आत्यांकडून पहिल्याच बैठकीत घ्या. ही उत्तरं गेली की आजीच्या मागच्या सगळ्या पिढ्या कायमच्या बंद होतात. आजी खोलीवर खानावळ चालवायची का, हेही विचारा. एकट्याने राहणारे गडी अशाच एखाद्या घरी महिन्याच्या हिशेबाने जेवत. ते पैसे कुठल्याच पगारपत्रकात येत नाहीत, पण खाडा असलेल्या महिन्यात घर त्यावर चाले.

आता गावाकडचे कागद. सातबाऱ्यापासून सुरुवात करा, पण आजच्या संगणकीय सातबाऱ्यावर थांबू नका. हस्तलिखित जुने सातबारे आणि फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, बऱ्याच तालुक्यांचे ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत, नाहीतर देवरुखला तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. जुन्या उताऱ्यावर काही नावांना कंस केलेला दिसतो आणि जवळ वर्तुळात एक आकडा असतो. कंसातला माणूस हक्कातून कमी झालेला, आणि वर्तुळातला आकडा ज्या फेरफाराने तो कमी झाला त्याचा. तो फेरफार मागवा. वारसाचा फेरफार असेल तर मयताचं नाव, मृत्यूची तारीख आणि सगळ्या वारसांची नावं एका जागी मिळतात, लग्न झालेल्या मुलींचीसुद्धा. काही वेळा वारसापुढे «राहणार मुंबई» लिहिलेलं असतं. त्या फेरफारातून मागचा, त्यातून त्याच्या मागचा, असं चढत जायचं.

स्वतःची जमीनच नव्हती, असं घरात सांगत असतील तरी दार बंद होत नाही. रत्नागिरी जिल्हा खोतीचा, म्हणजे गावचा सारा खोत वसूल करी. खोती नष्ट करण्याचा कायदा 1949 चा. त्याआधी कसणाऱ्याचं नाव कुळ म्हणून येतं. 1880 च्या खोती कायद्याखाली तयार झालेल्या बोटखतात कोणती जमीन कोण कसतो आणि खोताला काय देतो हे लिहिलेलं असे. भूमी अभिलेख कार्यालयात नुसतं «जुने कागद» म्हणू नका, बोटखत, आकारबंद, फाळणी असं नाव घेऊन मागा. नाव घेतलं की शोधणाऱ्यालाही कपाट कळतं. महार वतनाची जमीन असलेल्या घरांनी वतनाची नोंदवही आणि 1958 च्या वतन निर्मूलन कायद्यानंतरचे फेरफार आधी पाहावेत.

गाव नमुना 14 म्हणजे गावची जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. पिढ्या जोडायला हिच्यासारखं दुसरं काही नाही. कुणबी नोंदींच्या शोधासाठी 2023 पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात अशी पुष्कळ पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गावनिहाय आली आहेत, रत्नागिरीचं आधी बघा. मात्र तो शोध एका जातीच्या नोंदींपुरता होता. तुमचं पान तिथे नसलं म्हणजे नोंदच नाही असं नव्हे, मूळ वही तहसीलला पाहायला मागा. लहान मुलांची नावं तिथे अनेकदा नसतात, नुसतं मुलगा किंवा मुलगी लिहिलेलं असतं. 1918 च्या आश्विन-कार्तिकाची पानं उघडलीत तर जपून वाचा. इन्फ्लुएन्झाची दुसरी लाट त्याच दिवसांत आली होती, एकाच घरातल्या ओळी एकाखाली एक लागलेल्या दिसतील. पणजोबा मुंबईला का निघाले याचं उत्तर एखाद्या घरात तिथेच मिळतं.

जुनी पानं मोडीत असतील. घाबरू नका, नोंदवहीची मोडी ठराविक साच्याची असते आणि तुम्हाला पाच-पंचवीस शब्दच लागतात. मोडीत शिरोरेघ आधी आखून खाली सलग लिहीत जातात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, ‘मौजे’ म्हणजे गाव. आधी गावाचं नाव शोधा, कारण ते पुन्हा पुन्हा येतं आणि त्यावरून लिहिणाऱ्याचं वळण कळतं. मग ‘बिन’ शोधा, त्याच्या अलीकडे मुलगा, पलीकडे बाप. शक दिला असेल तर त्यात 78 मिळवा, वर्षाअखेरच्या महिन्यांना 79. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीची परीक्षा घेतं आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात वर्ग चालतात. मोडीवाचकाला पैसे देऊन वाचून घेणार असाल तर लिप्यंतर ओळीला ओळ लावून मागा, नुसता सारांश नको. सारांशात नेमकी शेजारच्या घराची ओळ गळते आणि तीच पुढे हवी असते.

जिल्ह्यांची नावं बदलली हेही ध्यानात ठेवा. सिंधुदुर्ग 1981 मध्ये रत्नागिरीतून निघाला. घाटावरच्या वाचकांसाठी: 1949 ते 1960 च्या कागदांवर सांगलीचा उल्लेख दक्षिण सातारा असा येतो, आणि सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या घरांनी गावात येणाऱ्या हेळव्याची वही जरूर वाचून घ्यावी. पिढ्यांची नावं त्याच्याकडे असतात, सालं मात्र कागदाने पडताळून घ्यायची.

सरकारी दप्तराइतकीच एक वही गावकीकडे असते आणि लोक तिला विसरतात. मुंबईतली गावकीची खोली, ग्रामस्थ मंडळ, भजनी मंडळ. वर्गणीच्या वहीत वर्षावर्षाला माणसाचं नाव आणि रक्कम असते. ज्या वर्षी नाव पहिल्यांदा येतं त्याच्या आसपास तो कमावता झाला. मधे एक-दोन वर्षं नाव नसेल तर ती वर्षं संपाशी ताडून पाहा: 1928 चा सहा महिन्यांचा संप, 1934 चा संप. गावच्या देवळाच्या पायरीवर, घंटेवर, समईवर कोरलेली मुंबईकरांची नावंही उतरवून घ्या.

लिहिण्याबद्दल विचारलंत. माणसं उभी राहत नाहीत कारण तुम्ही आयुष्य लिहायला बसता. दिवस लिहा. «आजोबा फार कष्टाळू होते» हे वाक्य काढून टाका आणि त्यांचे हात काय करत होते ते लिहा. जुन्या मागावर सुताची कांडी संपली की नवी कांडी धोट्यात, म्हणजे शटलमध्ये घालायची आणि धोट्याच्या भोकाला ओठ लावून श्वास आत ओढायचा, म्हणजे सुताचं टोक बाहेर येतं. सुताबरोबर तूस तोंडात जायचं. तोच धोटा पुढच्या पाळीतला माणूस तोंडाला लावायचा. आणि याच कारणाने अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचा खात्यात घेत नसत, त्यांना कमी मजुरीच्या त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईत ठेवत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघड मांडला. म्हणजे «आजोबा साच्यावर होते» या तीन शब्दांत त्यांची मजुरी आहे, त्यांचा खोकला आहे आणि त्यांना जी जागा मिळाली व शेजारच्याला मिळाली नाही तीही आहे. तुमचं घर त्या रेषेच्या ज्या बाजूला असेल ते तसंच लिहा. आजोबा ज्यांच्याबरोबर राबले त्यांची नातवंडंही हे वाचतील.

सभोवतालचं सामान छापील साधनांतून आणा. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसचं ‘लेबर गॅझेट’ हे मासिक 1921 पासून निघे. त्यात धान्याचे भाव, मजुरीचे दर आणि गिरणीवार संप असत: कधी सुरू, कधी मिटला, किती माणसं, कशासाठी. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात असल्या अहवालांचा मोठा संग्रह आहे, जुनी वर्तमानपत्रं दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात पाहा. तुमच्या मनिऑर्डरच्या शिक्क्यावरचा महिना घ्या आणि त्या महिन्यातला तांदळाचा भाव काढा. पाठवलेल्या रकमेत गावी किती तांदूळ आला असता हे एका ओळीत लिहिता येतं आणि ती ओळ वाचणारा विसरत नाही.

खरं-खोटं मिसळू नये म्हणून पहिला खर्डा तीन रंगांत लिहा: कागदावर आहे ते काळ्याने, आत्यांनी सांगितलं ते निळ्याने, तुमचा तर्क पेन्सिलीने. पक्क्या प्रतीत रंग जातील, पण ‘पावतीवर आहे’, ‘आत्या सांगतात’ आणि ‘असावं’ हे शब्द राहू द्या. मनातले संवाद माणसांच्या तोंडी घालू नका. आत्यांनी आजीचं एखादं वाक्य जसंच्या तसं सांगितलं तर ते कोकणीतलं हेलासकट ठेवा, पुस्तकी करू नका. एका माणसाची चार पानं पुरेत. शेवटी एक वंशावळ, एक हाताने काढलेला नकाशा (वाडी, बंदर, धक्का, चाळ, गिरणीचं फाटक) आणि प्रत्येक गोष्टीपुढे ती कुठून मिळाली याची नोंद.

खर्डा झाला की छापायच्या आधी आत्यांना मोठ्याने वाचून दाखवा, फोन पुन्हा टॉवेलवर ठेवून. त्या जिथे «तसं नव्हतं गो» म्हणतील तिथे थांबा आणि पुढचं सगळं रेकॉर्ड होऊ द्या.